चारचौघांतला सागरी न्याय

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पण वणी-पांढरकवड्याची कापसाची गाठ परदेशी निघाली की तिला जहाज लागतेच. त्या जहाजावर दावा ठोकायचा तर नागपूर खंडपीठात जाऊन भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतले अॅडमिरल्टीचे, म्हणजे सागरी दाव्यांचे, कामकाज गाठावे लागते. ते आपल्या माणसाला किती खुले आहे, हे म्हणूनच तपासले पाहिजे.

इथे खुद्द जहाजच प्रतिवादी असते. कुणकुण लागली तर ते नांगर उचलून निघून जाईल, म्हणून अटकेचा हुकूम बहुधा दुसरी बाजू न ऐकताच निघतो. शेरीफच्या कार्यालयाचा माणूस जहाजावर चढून वॉरंट चिकटवतो, बंदर आणि कस्टम्सला कळवले जाते, आणि जहाजाला बंदर सोडता येत नाही. एवढी गुप्तता समजण्यासारखी आहे. मालकालाही आधीच अटकेविरुद्ध कॅव्हेट (आगाऊ हरकत) नोंदवता येते. अटक अन्यायाची ठरली तर दावेदाराकडून भरपाईची हमी घेण्याची तरतूद आहे. पुरेसे तारण दिले की जहाज सुटते.

मालक फिरकलाच नाही तर मात्र लिलाव होतो. जहाज सगळ्या बोज्यांतून मोकळे होऊन नव्या मालकाकडे जाते आणि जुने दावे कोर्टात जमा झालेल्या रकमेवर येतात. 2017च्या अॅडमिरल्टी कायद्याच्या नवव्या कलमात खलाशांचे थकलेले पगार पहिल्या क्रमांकावर आहेत. पण मागायला येईल त्यालाच ते मिळणार. ज्याला लिलावाचा पत्ताच नाही, त्याचा अग्रहक्क कागदावरच राहतो. म्हणून जाहीर नोटीस हा या न्यायाचा कणा आहे.

हा कायदाही उघड्या निकालांतून घडला. 1840, 1861 आणि 1890चे इंग्रजी कायदे स्वतंत्र भारतातही चालत होते. वास्को-द-गामाच्या एका कंपनीने ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या जहाजावर दावा केला. 1992मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आपल्या उच्च न्यायालयांचे अधिकार त्या जुन्या चौकटीत अडकलेले नाहीत. पुढे 2017चा कायदा झाला, 1 एप्रिल 2018 रोजी लागू झाला आणि आठ उच्च न्यायालयांना हे अधिकार मिळाले.

न्यायालयाचे दार उघडे असावे, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 153-ब सांगते. मुंबईच्याच मूळ शाखेतून निघालेल्या मिरजकर खटल्यात 1966मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खुली सुनावणी हाच नियम मानला, अपवादाला जागा ठेवून. 2018मध्ये सुनावणीच्या थेट प्रक्षेपणालाही मान्यता मिळाली. याउलट जहाजवाहतुकीचे कितीतरी वाद लवादात बंद दाराआड मिटतात. लवाद कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने तिथे गोपनीयतेचे बंधनच घातले. तिथले निर्णय लोकांपुढे येत नाहीत, म्हणून कोर्टाच्या खुलेपणाला मोल आहे.

माझे मत स्पष्ट आहे: दार उघडे आहे, हाक मात्र दूरवर पोचत नाही. मुंबईच्या दैनिकातली इंग्रजी नोटीस दारव्ह्याच्या खलाशाच्या घरी कशी वाचली जाणार? जहाजांच्या न्यायालयीन विक्रीबद्दलच्या 2022च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात विक्रीच्या नोटिसा कुणालाही पाहता येतील अशा जागतिक नोंदवहीची तरतूद आहे. आपल्याकडे त्याहून सोपे काम करता येईल. नौवहन महासंचालनालयाकडे खलाशांची नोंद असते. जहाज अटकेत गेले की त्या नोंदीवरून प्रत्येकाला त्याच्या भाषेत निरोप जावा आणि दावा करायची शेवटची तारीख त्यात ठळक असावी. एवढे झाले, तर पगाराचा पहिला हक्क घरच्यांच्या हातात पडेल.