डोळ्याचा फोटो, पण आतून!

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कधीकधी सगळ्यांचे डोळे लालभडक येतात. भूतबीत काही नाही हं! फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत शिरतो, मागच्या दृष्टिपटलावर आपटतो आणि तिथल्या रक्ताची लाली घेऊन परत येतो. म्हणजे तुम्ही नकळत डोळ्याच्या आतला फोटो काढलेला असतो. फक्त फारच वाईट!

चांगला फोटो काढतो तो फंडस कॅमेरा. त्यात दिसतं नारिंगी दृष्टिपटल, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि एक पिवळट चकती. कातडी न कापता रक्तवाहिन्या अशा उघड्या बघायला मिळतात त्या इथेच. मधुमेहाने डोळा बिघडू लागला, की इथे रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. त्या माणसाला मात्र सगळं स्वच्छच दिसत असतं!

त्या चकतीतून डोळ्याची नस मेंदूकडे निघते, म्हणून तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. खोटं वाटतं? कागदावर डावीकडे फुली काढा, उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा मिटून फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण एका फुटावर ठिपका गायब!

आता साताऱ्यातल्या कांदाटी खोऱ्यातले मधुमेह असलेले एखादे आजोबा घ्या. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं तर आधी कोयनेच्या पाण्यातून लाँच, मग घाटातली एसटी. पण डॉक्टरांना बघायचं असतं ते दृष्टिपटल, आणि त्याचा तर फोटो निघतो! गावाजवळच्या केंद्रात तंत्रज्ञाने तो काढायचा, नेटवरून पाठवायचा, शहरातल्या डॉक्टरांनी पडद्यावर बघून आजोबांशी तिथूनच बोलायचं. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने थेनी भागातली गावं वीसेक वर्षांपूर्वीच अशी जोडली. तेव्हा तिथे धड इंटरनेट नव्हतं, म्हणून उंच मनोऱ्यांवर अँटेना लावून लांब पल्ल्याचं वायफाय नेलं!

मोतीबिंदू काढायला मात्र माणसालाच जावं लागतं. 1894 मध्ये मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी दवाखाना उघडला, तेव्हाही लांबलांबून लोक डोळे घेऊन येत. आजही ऑपरेशन फोनवरून होत नाही.

फोटोआधी कधीकधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग काही तास जवळची अक्षरं धूसर दिसतात. गृहपाठ का राहिला, याचं इतकं शास्त्रीय कारण बाईंना दुसरं मिळणार नाही!