मनगटावरचा बिंदू आणि सिझरमधली मळमळ

सिझरच्या वेळी आई जागी असते. कमरेच्या मणक्यात बारीक सुईने भूल दिली की काही मिनिटांत छातीखालचं अंग बधिर होतं. पडद्यापलीकडे डॉक्टर पोट उघडतात आणि पडद्याअलीकडे तिला एकाएकी भडभडून येतं. उताण्या अवस्थेत उठता येत नाही, कूसही बदलता येत नाही. सिस्टर तिची मान एका अंगाला वळवून गालाशी किडनी ट्रे धरते. पुढे वॉर्डात आल्यावर नाक, गाल, मान खाजायला लागतात. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: बाळंतपण म्हटलं की एवढं सोसावंच लागतं. हे मला मान्य नाही. हा त्रास का होतो ते आता बरंच कळलं आहे, त्यामुळे तो कमीही करता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, म्हणजे चारातलं एक. धाराशिवचं स्त्री रुग्णालय असो, तुळजापूर-उमरग्याचं उपजिल्हा रुग्णालय असो की अवघड केस म्हणून गाठलेलं सोलापूर, भुलेची पद्धत बहुधा हीच असते.

मणक्यातल्या इंजेक्शनात मुख्य औषध असतं बुपिव्हाकेन. त्याच्या जोडीला बऱ्याचदा फेंटानिल किंवा मॉर्फिन हे अफूवर्गीय औषध अगदी मायक्रोग्रॅममध्ये देतात. मॉर्फिनचा तेवढाच डोस जवळजवळ दिवसभर टाक्यांची कळ दाबून ठेवतो, म्हणून ते टाळणं शहाणपणाचं नाही. पण हीच औषधं मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला चेतवतात. खाजही त्यांचीच. ती मज्जासंस्थेतून येते, हिस्टामिनमुळे नाही, त्यामुळे नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळीने तिला फारसा उतार पडत नाही. ऑपरेशन चालू असताना येणाऱ्या उलटीचं मोठं कारण आणखी वेगळं असतं. भुलेने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी झपकन उतरतं. त्यात गर्भाशय हाताळताना आतून ताण बसतो.

आता मनगटाकडे येऊ, कारण मळमळ थांबवण्यासाठी तिथला एक बिंदू दाबतात किंवा त्यावर सुई टोचतात. तळहात वर करा, मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोन शिरांसारखे कंडरे वर येतात. मनगटाच्या घडीपासून बाईच्या स्वतःच्या तीन बोटांच्या रुंदीइतकं कोपराकडे सरकलं की त्या दोन कंडऱ्यांच्या बेचक्यात जो बिंदू लागतो, तो चिनी वैद्यकातला नेइग्वान. आजचे डॉक्टर त्याला पी-६ म्हणतात. त्याच्या खालून मिडियन नर्व्ह जाते.

अशा बिंदूंवर सुई टोचण्याची पद्धत म्हणजे ॲक्युपंक्चर. आपल्याकडे तिचा विषय निघाला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं. ते १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. मात्र ते शल्यचिकित्सक होते. ही विद्या भारतात आणली ती त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५९च्या सुमारास. पुढे महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा करून परिषद नेमली.

कायद्याने मान्यता मिळाली म्हणजे गुण सिद्ध झाला असं नाही. त्यासाठी चाचण्याच पाहाव्या लागतात. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८०च्या दशकात या बिंदूचा अभ्यास सुरू केला. आयर्लंडमध्ये २००० साली सिझरच्या ९४ बायकांवर चाचणी झाली. एका गटाला बिंदूवर दाब देणारा पट्टा बांधला, दुसऱ्या गटाला नुसता दिखाऊ. ऑपरेशनदरम्यान मळमळ किंवा उलटी झालेल्यांचं प्रमाण ५३ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आलं. एवढ्यावर हुरळून जाता येत नाही. कॅनडातल्या १९९८च्या चाचणीत एकूण गटात ठळक फरक दिसला नाही. पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या बायकांना मात्र फायदा झाल्याचं आढळलं. अमेरिकेतल्या २००६च्या चाचणीत या बिंदूला विजेचा हलका झटका देणारा पट्टा वापरला, तोही दिखाऊ पट्ट्यापेक्षा सरस ठरला नाही.

सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांच्या ५९ चाचण्या एकत्र करून २०१५ साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. दिखाऊ उपचाराच्या तुलनेत या बिंदूने मळमळ आणि उलटी साधारण एक तृतीयांशाने कमी झाली, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं संशोधकांनीच नोंदवलं. खाजेबाबत असं भरवशाने काही सांगता येत नाही. कोणी एका सुईत सगळा त्रास घालवण्याची हमी देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझं मत असं: या बिंदूला औषधांच्या जोडीला जागा द्यावी, औषधांच्या जागी नव्हे. बीपी सावरणारं फिनाइलएफ्रिन आणि उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन हेच पहिले उपाय आहेत. त्यांच्यासोबत मनगट दाबायला पैसा लागत नाही आणि धोका नगण्य आहे. सुई टोचायचीही गरज नाही, टोचायचीच असेल तर ती नोंदणीकृत माणसाच्या हातून. अंगठ्याचा दाब नर्सला, आशाताईला, बाईच्या आईला शिकवता येतो. सलाईन आणि बीपीचा पट्टा सांभाळून, भूल देण्याआधीपासून दाब सुरू करावा. घट्ट रबर मात्र कधीही बांधू नये. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या बायकांवर याचा किती गुण येतो, याची नीट चाचणी तिथे व्हायला हवी.

सिझर ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच दोन गोष्टी सांगा: एसटीच्या प्रवासात उलटी होते का आणि मागच्या ऑपरेशनात झाली होती का. अशांना त्रासाची शक्यता जास्त असते आणि डॉक्टरांना आधी कळलं तर ते तयारीत राहतात. टेबलावर मळमळायला लागलं, डोकं गरगरलं, तर लाजून गप्प राहू नका, लगेच सांगा. ते बीपी उतरल्याचं लक्षण असू शकतं.