आहारनियंत्रण व वजनाची पुनर्वाढ

वजन घटविण्यासाठी शरीराच्या दैनंदिन गरजेपेक्षा कमी ऊर्जेचा आहार काही काळ घेतला जातो. अशा आहारास ऊर्जान्यून आहार म्हणतात. त्याने प्रारंभी वजन घटते. परंतु काही महिन्यांनी घट मंदावते आणि आहार पूर्ववत होताच बहुतेकांचे वजन काही वर्षांत पुष्कळसे परत वाढते. ही पुनर्वाढ मनोनिग्रहाच्या अभावी होते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे ऊर्जेचा साठा राखू पाहणारी शरीरक्रियात्मक यंत्रणा असते.

ऊर्जाव्यय : पूर्ण विश्रांतीत श्वसन, रुधिराभिसरण, तापमान-नियमन इ. क्रियांसाठी जी ऊर्जा खर्च होते, तीस मूलभूत चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांत त्याचा वाटा एकूण ऊर्जाव्ययाच्या सु. ६० ते ७० टक्के असतो. उरलेली ऊर्जा अन्नपचन व हालचाली यांवर खर्च होते. वजन घटले की हे तिन्ही भाग कमी होतात. लहान शरीरास कमी ऊर्जा पुरते, हे याचे एक कारण होय. तथापि शरीराच्या घटलेल्या वस्तुमानावरून जेवढी घट अपेक्षित असते, त्याहूनही ऊर्जाव्यय काहीसा अधिक घटतो. या जादा घटीस चयापचयी अनुकूलन म्हणतात.

मिनेसोटा प्रयोग : या विषयाचा अभिजात अभ्यास अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अ‍ॅन्सेल कीझ यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये केला. युद्धकाळात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सुपोषित कसे करावे, हे ठरविणे हा त्याचा हेतू होता. सदसद्‌विवेकबुद्धीस अनुसरून लष्करी सेवा नाकारलेल्या ३६ निरोगी तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. २४ आठवडे त्यांना दररोज सरासरी सु. १,५७० किलोकॅलरींचा आहार देण्यात आला. त्यांचे वजन सु. एक चतुर्थांशाने, तर मूलभूत चयापचय सु. ४० टक्क्यांनी घटला. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, औदासीन्य आले व मनात अन्नाचेच विचार घोळू लागले. पुढे मुक्त आहार मिळाल्यावरही अनेकांची भूक शमेना. वसेचा साठा स्नायूंच्या आधी भरून आला आणि मूळ प्रमाणापलीकडे वाढला. हे तरुण मुळात स्थूल नव्हते, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

यंत्रणा : वसा कोशिकांतून लेप्टीन (शोध १९९४) हे हॉर्मोन स्रवते. वसेचा साठा घटला की रक्तातील त्याचे प्रमाण उतरते. मेंदूतील अधोथॅलॅमस या भागास ही उपासमारीची सूचना ठरते. परिणामी भूक वाढते, तर अनुकंपी तंत्रिका तंत्राची व अवटू ग्रंथीच्या हॉर्मोनांची क्रिया मंदावते. जठरातून स्रवणारे भूकवर्धक घ्रेलीन (शोध १९९९) वाढते. मेलबर्न येथील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या आहारनियंत्रणानंतर वर्ष उलटले, तरी भूक वाढविणारे हॉर्मोनांतील बदल टिकून असल्याचे आढळले.

अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी-स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी करण्यात आली (२०१६). सरासरी ५८ किग्रॅ. घटीपैकी ४१ किग्रॅ. वजन परतले होते. तरीही विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दररोज सु. ५०० किलोकॅलरींनी कमी होता. मात्र ही घट अतिशीघ्र व तीव्र व्यायामासह झालेली होती. इतर काही अभ्यासांत वजन स्थिरावल्यावर मोजमाप केले असता अनुकूलन पुष्कळच कमी आढळले. केव्हिन हॉल व सहकारी यांच्या २०१६ मधील अंदाजानुसार घटलेल्या प्रत्येक किग्रॅ.मागे दैनिक ऊर्जाव्यय २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो, तर भूक सु. १०० किलोकॅलरींनी वाढते. यावरून पुनर्वाढीत मंदावलेल्या चयापचयापेक्षा वाढलेल्या भुकेचा वाटा मोठा असावा, असे दिसते.

व्यावहारिक महत्त्व : वजन घटल्यावर पूर्वीचा आहार घटलेल्या शरीरास अधिक ठरतो, म्हणून ठराविक मुदतीचे कडक पथ्य पुरेसे नसते, तर कायम पाळता येईल असा आहार आवश्यक असतो. पुरेशी प्रथिने व स्नायूंना ताण देणारे व्यायाम यांमुळे स्नायूंची हानी कमी होते. नियमित व्यायामामुळे घटलेले वजन टिकविण्यास मदत होते. भूक कमी करणारी नवी औषधे परिणामकारक असली, तरी ती थांबविल्यावर वजन पुन्हा वाढू लागते. अतिन्यून ऊर्जेचा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के इतकी माफक घट टिकून राहिली, तरी रक्तदाब व रक्तशर्करा यांत सुधारणा होते. पुनर्वाढ झालेल्या व्यक्तीस दोष देण्याऐवजी स्थूलता ही दीर्घकालीन विकृती मानून तिच्यावर सातत्याने उपचार करणे उचित ठरते.