विश्लेषण : जाळ्यात आलेला ‘सकर’ मासा पुन्हा पाण्यात का सोडू नये?

घरातल्या फिशटँकची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा उजनीसारख्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याला बाजारात भाव नाही, जाळे मात्र फाटते. त्यामुळे वैतागून तो पुन्हा पाण्यातच फेकला जातो आणि नेमके हेच त्याच्या पथ्यावर पडते. उजनीचा हा अनुभव उल्हास खाडीच्या काठावरील कोलशेतपासून कल्याण-बदलापूरपर्यंतच्या नदीकाठाने आताच समजून घेण्यासारखा आहे.

सकर मासा म्हणजे काय?

‘सकरमाऊथ कॅटफिश’ या नावाचे हे छोटे रूप. काही ठिकाणी याला ‘हेलिकॉप्टर मासा’ही म्हणतात. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतला. शास्त्रीय भाषेत टेरिगोप्लिक्थिस या वंशातल्या दोन-तीन प्रजाती आणि त्यांचे संकर भारतात आढळतात.

त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते आणि ओठ चूषकासारखे असतात. दगडाला, लाकडाला किंवा काचेला चिकटून तो शेवाळ खरवडतो आणि तळाचा सेंद्रिय गाळ खातो. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्यांचे चिलखत असते. पाठीवर शिडासारखा मोठा पर असतो, अंगावर काळपट ठिपके किंवा नक्षी असते. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो.

तो आपल्या पाण्यात आला कसा?

स्वतःहून नाही, माणसाने आणला. शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो जगभर पोहोचला. ‘टँक क्लीनर’ म्हणून स्वस्तात मिळत असल्याने तो घरोघरी गेला. वर्षा-दोन वर्षांत टाकी अपुरी पडू लागते. मारणे जिवावर येते. मग ‘जीवदान’ म्हणून तो जवळच्या तलावात, नाल्यात किंवा नदीत सोडला जातो. शोभेचे मासे वाढवणाऱ्या तळ्यांतूनही पुराच्या वेळी तो निसटतो.

केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल अशा अनेक राज्यांतून त्याच्या नोंदी आहेत. २०२० मध्ये वाराणसीजवळ रामनगर येथे गंगेतही तो सापडला होता. शहर जितके मोठे, तितक्या फिशटँक जास्त, आणि नदी शहरातूनच वाहते. पुण्याच्या मुळा-मुठेचे आणि पिंपरी-चिंचवडच्या पवनेचे पाणी शेवटी भीमेतून उजनीतच येते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

उजनीच्या मच्छीमारांना तो नकोसा का?

भीमा नदीवरील उजनी जलाशय पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांनी पुढे मासेमारीचा आधार घेतला. तिथे आधीच मूळच्या आफ्रिकेतील चिलापीने देशी माशांची जागा व्यापली आहे. त्यात सकरची भर पडली.

सकरच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना टणक काटे असतात. घाबरला की तो ते ताठ उभे करतो आणि ते जाळ्यात घट्ट अडकतात. एकेक मासा सोडवताना हात रक्तबंबाळ होतात, वेळ जातो आणि शेवटी जाळे कापावे लागते. डोके मोठे, चिलखत जाड, त्यामुळे खाण्याजोगे मांस थोडेच निघते. म्हणजे मेहनत दुप्पट, नुकसान रोख आणि उत्पन्न शून्य.

तो गळाला का लागत नाही? पकडायचा कसा?

मरळ किंवा शिंगटा आमिषावर झडप घालतो. सकरचे तसे नाही. त्याचे खाणे खरवडण्याचे असल्याने गांडूळ, कोळंबी किंवा पीठ लावलेल्या गळाकडे तो सहसा फिरकत नाही. शिवाय त्याचा वावर जास्त करून रात्री आणि तळाशी असतो. दिवसा तो दगडांच्या खाचीत, बुडालेल्या लाकडाखाली किंवा काठातल्या बिळात दडतो.

त्यामुळे तो जाणूनबुजून पकडायचा तर उथळ पाण्यात, तळापर्यंत बसणारे पाग उपयोगी पडते. पाणी ओसरल्यावर काठावरची बिळे उघडी पडतात, तेव्हा मासे थेट काढता येतात. याच बिळांत मादी शेकडो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. म्हणून विणीच्या काळात बिळातून काढलेला एक नर म्हणजे पुढची शेकडो पिल्ले कमी. मात्र उघड्या हाताने बिळात हात घालणे धोक्याचे. काट्यांची जखम खोल असते, शिवाय अशा बिळात साप असू शकतो. जाड हातमोजे आणि लांब दांड्याची जाळी हवी.

आपल्या नद्यांत तळ चाटणारे मासे नव्हते का?

होते आणि आहेत. सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांत मळ्या हा छोटा मासा वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून शेवाळ खातो. त्याच्या हनुवटीखाली चिकटण्यासाठी गोल चकती असते. ब्रिटिश अधिकारी कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा या माशाला लोकांच्या तोंडचेच नाव दिले. आजही त्याचे शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’ असे आहे. एक मराठी शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्रात असा रुजला आहे.

मळ्या साधारण वीतभरही वाढत नाही. त्याच्या अंगावर चिलखत नसते, साधी खवले असतात आणि परांना घातक काटे नसतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरणाऱ्यांनी हा फरक नीट ओळखायला हवा. सकर समजून मळ्या मारला गेला, तर नुकसान आपलेच. सकर एकदा स्थिरावला की मळ्याच्या ताटातले शेवाळ आणि लपण्याच्या जागा दोन्ही बळकावतो. इतर माशांनी तळाशी घातलेली अंडीही खरवडण्याच्या ओघात त्याच्या पोटात जातात.

कोलशेतच्या खाडीला याची काळजी का?

भोरघाटाच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, बदलापूर, उल्हासनगर अशी येते. कल्याणजवळ काळू-भातसाचे पाणी घेऊन ती खाडीला मिळते आणि काल्हेर-कोलशेत, घोडबंदरमार्गे वसईला समुद्रात जाते. कोलशेतच्या आगरी-कोळी मच्छीमारांची खाडी खारी आहे. चिवणी, निवट्या, बोय, कोळंबी हे इथले मासे. गोड्या पाण्यातला सकर इथे कसा टिकेल, असे वाटणे साहजिक आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. समुद्राच्या पाण्यात हजारात साधारण ३५ भाग क्षार असतात. सकर हजारात १० भागांपर्यंतचे निमखारे पाणी काही दिवस सहन करतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आणि पावसाळ्यात उल्हासला पूर येतो तेव्हा खाडीचे पाणी बरेच गोडे होते. म्हणजे वर्षातले आठ महिने खारे पाणी जी वाट अडवते, ती पावसाळ्यात उघडते. भिवंडीची कामवारीही याच खाडीला मिळते. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत जायला एवढी वाट पुरते.

दुसरी गोष्ट प्रदूषणाची. पाण्यातला प्राणवायू घटला की देशी मासे मरतात किंवा निघून जातात. सकर मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठरातून प्राणवायू घेतो. त्यामुळे सांडपाण्याने दमलेल्या पाण्यात स्पर्धाच उरत नाही. कल्याणजवळ मोहने परिसरात नदी झाकून टाकणारी जलपर्णी याच अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. तीही शोभेची म्हणूनच जगभर गेली. सकरची बिळे तीन-चार फूट खोल जातात. रेतीउपशाने आधीच खचलेल्या काठांना ती आणखी पोखरतील.

इतर देशांचा अनुभव काय?

मेक्सिकोतील इन्फिएर्नियो जलाशय एकेकाळी चिलापीच्या मोठ्या उत्पादनासाठी ओळखला जाई. सकर वाढल्यावर जाळ्यात विकाऊ माशांपेक्षा तोच जास्त येऊ लागला आणि हजारो मच्छीमारांच्या रोजीवर गदा आली. प्वेर्तो रिकोत सकर गिळताना काटे घशात अडकून पेलिकन पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. बांगलादेशाने २०२३ मध्ये सकरची आयात, पैदास आणि विक्री यांवर बंदी घातली, पण तोवर तो ढाक्याच्या बुरीगंगेत भरून गेला होता. एकदा पसरलेला सकर पूर्ण हटवता आलेला नाही. उपाय चालतो तो सुरुवातीलाच.

खाऊन संपवता येणार नाही का?

मासा विषारी नाही. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन भागात ‘बोदो’ या नावाने तो चवीने खाल्ला जातो. पण तिथली नदी वेगळी. गाळ खाणारा मासा गाळातले शिसे, कॅडमियम, पारा असे जड धातू अंगात साठवतो. इंडोनेशियात जकार्ताच्या सिलिवुंग नदीतला सकर खाऊ नये, असा इशारा तज्ज्ञांनी याच कारणाने दिला आहे. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतला सकर ताटात न घेणेच शहाणपणाचे.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत सकरच्या प्रजाती आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. पण अधिकार असणे आणि दुकानातल्या टाकीपर्यंत नियम पोहोचणे यात अंतर आहे.

खरा पेच पैशांचा आहे. भाव नसलेला मासा काढायला मच्छीमाराने स्वतःचे जाळे का फाडावे? मत्स्यव्यवसाय विभागाने सहकारी संस्थांमार्फत किलोमागे ठरावीक रक्कम दिली आणि जमा झालेला मासा खतासाठी वापरला, तरच तो परत फेकला जाणार नाही. तो पोहोचलाय की नाही हे वेळीच कळण्याचा मार्गही आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने पूर्व घाटात केवळ पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून त्याचा माग काढला. उल्हास खोऱ्यातही हे करता येईल.

जाळ्यात किंवा टाकीत सकर असेल तर काय करावे?

- जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात सोडू नये.
- काठावर टाकून दिला की मेला, असे समजू नये. ओल असेल तर तो कित्येक तास जगतो आणि सरपटत पाण्यात जाऊ शकतो. डोक्यावर जोरदार घाव घालून तो मेल्याची खात्री करावी आणि पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरावा.
- मारण्याआधी चिलखत आणि पाठीवरचा मोठा पर तपासावा. दोन्ही नसतील तर तो देशी मासा असू शकतो.
- फोटो, ठिकाण आणि तारीख जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावी.
- घरातला सकर मोठा झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीकडे सोपवावा. ठाण्यातला तलाव असो की कोलशेतचा विसर्जन घाट, तिथे तो सोडणे हे जीवदान नव्हे. त्या एका माशाची किंमत पुढे नदीतले शेकडो मासे आणि त्यांच्यावर जगणारी घरे मोजतात.