गणनेंत न आलेलें इंद्रिय

चौतीस वर्षें संस्कृत शिकवितांना ‘ज्ञानेंद्रियें किती?’ हा प्रश्न मीं शेंकडों मुलांना घातला असेल, आणि ‘पांच’ या उत्तरास पूर्ण गुण दिले असतील. श्रोत्र, त्वक्, चक्षु, जिव्हा, घ्राण; यांत चूक कांहींच नाहीं. परंतु ज्या इंद्रियाच्या जोरावर तीं मुलें सरळ उभीं राहून उत्तर देत, तें या गणनेंत आलेलें नाहीं. हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. थोरल्या बंधूंच्या आजारपणांत कळलें.

आमचे हे बंधु (घरांत सर्वजण त्यांना दादा म्हणतात) १९७८ सालीं क्षयानें आजारी पडले. त्या काळीं क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनचीं इंजेक्शनें रोज देत. १९४३ सालीं अमेरिकेंत सांपडलेलें हें औषध पुढें पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यांतहि तयार होऊं लागलें होतें. त्यानें दादांचे प्राण वांचले, हें आधीं सांगितलें पाहिजे. ताप गेला, खोकला गेला. परंतु दोन-अडीच महिन्यांनीं ते हिंडूंफिरूं लागले तेव्हां त्यांची चाल पालटली होती. पाय फांकून, भिंतीला हात लावीत ते चालत. दिवसां बरें असे. दिवेलागण झाली कीं झोंके जात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले कीं न्हाणींत पडत.

आमच्या भंडाऱ्याकडे कोणाचे पाय लटपटले कीं जुनीं माणसें प्रथम लाखोळीच्या डाळीला दोष देतात. ही शंका निराधार नव्हे. ती डाळ महिनोगणती हेंच मुख्य अन्न म्हणून पोटांत गेली तर पाय ताठरतात व चालतांना कातरीसारखे एकमेकांवर येतात. परंतु दादांचे पाय ताठरले नव्हते, व आमच्या घरीं लाखोळी शिजत नसे. तेव्हां गांवानें दुसरी शंका घेतली. संध्याकाळीं झोकांड्या खात येणारा, ओळखीचा मनुष्य समोरून आला तरी न बोलतां पुढें जाणारा गृहस्थ ‘घेतो’, अशी कुजबुज सुरू झाली. ती आईच्या कानीं गेली. ती दादांना एका शब्दानेंहि बोलली नाहीं. फक्त रोज संध्याकाळीं ओटीवर येऊन बसे, आणि ते आले कीं अगदीं जवळ जाऊन उगीच कांहीं विचारी. ती वास घेते आहे, हें दादांना कळत असे.

पुढच्या वर्षीं कार्तिकी पौर्णिमेस आम्ही पवनीस वैनगंगेच्या स्नानास गेलों. पाणी कमरेइतकें होतें. दादांनीं नाक धरून, डोळे मिटून बुडी मारली आणि ते वर येईनात. मीं दंडाला धरून ओढून काढलें तेव्हां त्यांच्या मुठींत वाळू होती. वर कोणतें आणि खालीं कोणतें हेंच समजेना, असें ते म्हणाले. वर येण्यासाठीं म्हणून त्यांनीं जो जोर केला तो तळाकडे केला होता. लहानपणापासून त्याच नदींत पोहलेला हा मनुष्य!

यानंतर मात्र आम्ही नागपुरास एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. कान कशाला, असें दादा म्हणत होते, कारण ऐकूं उत्तम येत होतें. डॉक्टरांनीं त्यांना निजवून आधीं एका व मग दुसऱ्या कानांत थंड पाणी सोडलें. धडधाकट माणसाला यानें गरगरून यावयाचें, डोळे फडफडावयाचे. दादांनीं शांतपणें विचारलें, ‘झालें का?’

या परीक्षेचा इतिहास मनोरंजक आहे. व्हिएन्ना येथील डॉ. रॉबर्ट बारानी हे रोग्यांचे कान पाण्यानें धूत, तेव्हां पाणी गार असेल तर रोग्यास भोवळ येई, ऊन असेल तरीहि येई, पण डोळे उलट दिशेस फडफडत. त्यांना स्नानाच्या पाण्याचा बंब आठवला: तापलेलें पाणी वर चढतें, गार खालीं उतरतें. कानाच्या आंतील द्रवाचेंहि असेंच होत असलें पाहिजे. या शोधाबद्दल त्यांना १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि ती वार्ता त्यांना रशियांत युद्धकैदी असतां समजली.

तो द्रव असतो तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशीं मिळतात, तशा त्या एकमेकींशीं काटकोनांत असतात. डोकें वळलें कीं नळी वळते, द्रव किंचित् मागें राहतो, आणि आंतील सूक्ष्म केंसांना बांक देतो. मेंदूला वळण कळतें तें असें. मंगळागौरीची फुगडी थांबल्यावर मुलींना घर फिरतांना दिसतें, कारण पाय थांबले तरी कानांतला द्रव थांबलेला नसतो. नळ्यांजवळच दोन पिशव्या असतात. त्यांत चुन्याच्या जातीचे बारीक खडे असून ‘खालीं’ म्हणजे कोणतीकडे, हें ते सांगतात. शिवाय मान हालली तरी नजर स्थिर ठेवण्याचें काम याच यंत्राकडे आहे. तें बंद पडल्यामुळें चालतांना दादांना समोरचे चेहरे उड्या मारतांना दिसत आणि ओळख पटत नसे. गांवानें ज्याला माज म्हटलें तो हा! याच औषधानें तोल गेलेल्या एका अमेरिकन डॉक्टरानें १९५२ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे. नाडीच्या ठोक्यानेंहि पुस्तकांतील अक्षरें हालत, म्हणून ते पलंगाच्या गजांत डोकें घट्ट रोवून वाचीत.

तोल ही तिपाई आहे: कान, डोळे, आणि तळपाय व सांधे यांची जाणीव. दादांचा एक पाय औषधानें गेला. अंधार दुसरा नेई. नदीनें तिसराहि काढून घेतला, कारण पाण्यांत अंग तरंगूं लागलें कीं पायांना भुई कळत नाहीं.

ते केंस पुन्हां उगवत नाहींत. पण उरलेल्या दोहोंवर निभावून नेण्यास मेंदु शिकतो, मात्र त्याला शिकवावें लागतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत कॉथोर्न व कुक्सी यांनीं यासाठीं व्यायाम बसविले. दादांचे व्यायाम त्याच धर्तीचे होते. भिंतीवर मोठा ‘अ’ लिहून त्यावर नजर खिळवावयाची व मान डावी-उजवीकडे हालवावयाची. लिंबू या हातांतून त्या हातांत उडवावयाचें. दुमडलेल्या सतरंजीवर उभें राहावयाचें. आरंभीं त्यांना मळमळे. आईला तें पाहवेना; ‘निजूं द्या रे त्याला’ असें ती म्हणे. परंतु निजून राहणें हेंच या दुखण्यांत सर्वांत वाईट. हातांत काठी आली, ती भार टाकण्यास नव्हे. तिच्या टोंकाला भुई लागली कीं तेवढ्यानेंच शरीर सांवरतें. चार महिन्यांत ते दिवसां एकटे बाजारांत जाऊं लागले.

इतकें पाहूनहि मी शहाणा झालों नाहीं. चार वर्षांपूर्वीं एके पहाटे कूस बदलली आणि आढें गरगर फिरलें. कुटुंबानें पित्त म्हटलें. चरकानें भ्रम वातविकारांत गणला आहे म्हणून मीं वात म्हटलें. कानाचें नांव कोणीहि काढलें नाहीं. तीन आठवडे भोवळीची गोळी खाल्ली. या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस ठीक. महिनोगणती घेतल्यास मेंदूचें शिकणेंच मंदावतें, व म्हाताऱ्यांस कधीं कंपहि जडतो. माझी भोवळ मिनिटाच्या आंत थांबे आणि मान कलती केली कीं पुन्हां येई. पिशवींतले खडे सुटून नळींत गेल्याची ती खूण. एका तरुण डॉक्टरानें मला एकदम आडवें केलें, मान एका बाजूस, मग दुसऱ्या, मग कुशीवर, प्रत्येक वेळीं अर्धा मिनिट, आणि उठवून बसविलें. एप्ली नांवाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही युक्ति आहे. दुसऱ्या खेपेस माझें घर फिरावयाचें थांबलें. कोणता कान, कोणती नळी, हें ठरविल्यावांचून ती घरीं करूं नये. मानेचें दुखणें असल्यास तर नकोच. आणि भोवळीबरोबर जीभ जड झाली, एकाचीं दोन दिसूं लागलीं, हातपाय लुळा पडला, तर क्षणभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें. तें दुखणें कानाचें नव्हे, मेंदूचें असूं शकतें.

एकत्र कुटुंबांत रात्रीं शेवटीं निजणारा सर्व दिवे मालवितो आणि त्याला काटकसर म्हणतो. जगांत दरसाल अदमासें ६ लाख ८४ हजार माणसें पडून दगावतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरीं माजघरापासून न्हाणीपर्यंतचा दिवा रात्रभर जळतो. न्हाणींतील गुळगुळीत फरशी उखडून खरबरीत घातली, तेव्हां सूनबाईंना ती आवडली नव्हती. वीज गेली तर दादांच्या उशाशीं विजेरी असते, आणि नातवंडांना तिला हात लावण्याची बंदी आहे.

कार्तिकी पौर्णिमेस आम्ही अद्याप पवनीस जातों. दादा पायरीवर बसून तांब्यानें डोक्यावर पाणी घेतात, डोळे उघडे ठेवून. बुडी न मारल्यानें पुण्य उणें पडतें काय, असें त्यांनीं एकदां घाटावरच्या गुरुजींना विचारलें. गुरुजी म्हणाले, ‘आधीं पायरी धरा.’