कमी खर्चातील होम थिएटर

५.१ संचात पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. पैसे मोजके असतील तर आधी पुढचे दोन चांगले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घ्यावा; बाकीचे नंतर जोडता येतात. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून तो टीव्हीच्या लगेच खाली, कानांकडे रोखलेला असावा. मागचे दोन श्रोत्याच्या बाजूंना, किंचित मागे. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेण्यासाठी एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतच केबल लावावी आणि सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी. स्पीकरच्या तारा जोडताना मात्र घाई नको: लाल टोक लालला, काळे काळ्याला. एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली तरी खर्ज पोकळ होतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास घुमतो. जागा बदलून पाहण्याला काहीच खर्च नाही.