पुढच्या आंसांतील घरघर

डाळिंबाच्या हंगामांत सांगोल्याहून किंवा मंगळवेढ्याहून सोलापुराकडे येणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभें राहिलें, तर प्लास्टिकच्या पेट्या रचून आणणाऱ्या पिकअप गाड्यांची रांग सहज दिसते. ह्यांतील बहुतेक गाड्यांचीं मागचीं दोनच चाकें इंजिनाच्या जोरावर फिरतात. पुढचीं नुसतीं ओढलीं जातात. परंतु ज्याची बाग डांबरी सडकेपासून आंत आहे आणि ज्याला पावसाळ्यांत काळ्या रानांतून माल बाहेर काढावा लागतो, असा एखादा बागाईतदार चारी चाकांना जोर देणारी, म्हणजे बोलीभाषेंत 'फोर बाय फोर', गाडी घेतो. चार-पांच वर्षें ती निमूटपणें काम करते. मग एके दिवशीं पुढच्या बाजूनें घरघर ऐकूं येऊं लागते. पहिले कांहीं दिवस गाडींतील गाण्यांचा आवाज वाढवून ती झांकली जाते. पण ती दर आठवड्याला वाढते. शेवटीं गाडी मिस्त्रीकडे जाते. एक मिस्त्री म्हणतो, "बेअरिंग गेलें आहे, तेवढें बदलूं." दुसरा म्हणतो, "सगळें डिफरन्शियलच बदला." पहिल्या आणि दुसऱ्या खर्चांत जमीनअस्मानाचें अंतर असतें, आणि ज्या घराचें वर्षाचें उत्पन्न दोन महिन्यांच्या तोडणीवर अवलंबून आहे, त्या घरांत हा प्रश्न लहान ठरत नाहीं. शिवाय तिसरा मार्ग, म्हणजे कांहींच न करणें, हा तर सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो.

हें डिफरन्शियल म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. गाडी वळते तेव्हां बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा घ्यावा लागतो व आंतल्याला जवळचा. दोन्ही चाकें एकाच दांडीवर पक्कीं बसविलीं, तर त्यांतील एक घसटत जाईल. बैलगाडींत ही अडचण येत नाहीं, कारण तिथें प्रत्येक चाक आंसाभोवतीं आपल्यापुरतें फिरतें. पण चाकांना इंजिनाचा जोर द्यावयाचा आणि तरीहि त्यांना निरनिराळ्या गतीनें फिरूं द्यावयाचें, हें कोडें ऑनेसिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच यांत्रिकानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं दंतचक्रांची एक जुळणी करून सोडविलें. आजच्या मोटारींत तीच कल्पना आहे. इंजिनाकडून येणाऱ्या दांडीच्या टोकाला एक लहान दंतचक्र असतें, त्याला पिनियन म्हणतात. तें एका मोठ्या, परातीसारख्या दंतचक्राला फिरवितें; तें क्राऊन. क्राऊनच्या पोटांत असलेलीं छोटीं चक्रें डाव्याउजव्या चाकांना जोर वांटून देतात. चारी चाकांच्या गाडीला असा एक संच मागें व एक पुढें असतो. दुसऱ्या महायुद्धांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या ह्याच रचनेवर तयार झाल्या, आणि १९४७ नंतरच्या वर्षांत महिंद्र कंपनीनें मुंबईंत जीपची जुळणी सुरू केल्यावर ही रचना महाराष्ट्रांतील मिस्त्र्यांच्या हाताखालीं नेहमींची झाली.

क्राऊन आणि पिनियन हीं दोन चक्रें एकमेकांत नुसतीं फिरत नाहींत. तीं एकमेकांना ढकलतात. त्यांचे दांत तिरपे असल्यामुळें हा रेटा वरखालीं असतो, तसाच आडवाहि असतो. साधें गोल छऱ्यांचें बेअरिंग असा दुहेरी रेटा फार काळ सोशीत नाहीं. म्हणून तेथें निमुळत्या रुळांचें बेअरिंग घालतात. आंतलें कडें शंकूसारखें, बाहेरचें वाटीसारखें, आणि मध्यें गाजराच्या तुकड्यासारखे एका टोकाला बारीक होत गेलेले पोलादी रूळ. अमेरिकेंतील सेंट लुई येथें बग्ग्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन ह्यानें १८९८ सालीं ह्या रचनेचें पेटंट मिळविलें. बग्गीच्या चाकाला वळणावर बसणारा आडवा रेटा हीच त्याची अडचण होती.

बेअरिंगांच्या इतिहासांतील दुसरी एक गोष्ट गिरणगांवाला अधिक जवळची वाटेल. स्वीडनमध्यें गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणींत स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता होता. गिरणीची जमीन चिकणमातीची; ती खचे, इमारत किंचित् हले, आणि पट्ट्यांनीं मागांना गति देणारा लांबच लांब शाफ्ट वांकडा होऊन त्याचीं बेअरिंगें वारंवार जळत. त्यानें आपोआप सरळ होणारें बेअरिंग शोधून काढलें आणि त्यांतूनच १९०७ सालीं एस. के. एफ. ही कंपनी निघाली. सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी उभी राहिली, ती लोकांच्या तोंडीं पुढें 'जुनी गिरणी' झाली. येथील काळी मातीहि पाण्यानें फुगणारी व उन्हानें भेगाळणारी. कोणतेंहि बेअरिंग बहुधा एकाएकीं मरत नाहीं. तें ज्या घरांत बसविलेलें असतें तें घर वांकडें झालें, किंवा त्याचें तेल बिघडलें, म्हणजे तें मरतें. गिरणीला जें लागू, तेंच पिकअपला.

पुढच्या डिफरन्शियलचें तेल बिघडण्याचें सर्वांत सामान्य कारण पाणी हें आहे. दिवसभर तापलेला आंस ओढ्याच्या किंवा भरलेल्या चारीच्या पाण्यांत एकदम बुडाला, कीं आंतली हवा आकसते व बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें. हें होऊं नये म्हणून वरच्या बाजूस हवा जाण्यायेण्याची एक नळी दिलेली असते. पण ती चिखलानें बुजलेली असली तर पाणी ऑइल सीलच्या कडेनें वाट काढतें. पाणी मिसळलेलें तेल दुधाळ तपकिरी दिसतें, आणि त्यांत चाललेल्या रुळांना गंजाचे बारीक डाग पडतात. दुसरें कारण चालकाच्या हातांतील आहे. चिखलासाठीं दिलेला चार चाकांचा जोर कोरड्या डांबरी रस्त्यावरहि चालूं ठेवण्याची कित्येकांना संवय असते. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा फेरा घेतात, आणि बहुतेक पिकअप गाड्यांत पुढच्यामागच्या आंसांमध्यें हा फरक सोसणारी सोय नसते. चिखलांत चाक थोडें घसरून हिशेब मिटवितें. डांबरावर तो ताण दांतांवर आणि बेअरिंगांवर सांचत राहतो.

आतां निदान. येथेंच चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री ह्यांतला भेद कळतो. पुढून येणारी प्रत्येक घरघर डिफरन्शियलची नसते. गाडी डावीकडे-उजवीकडे झुलविल्यावर आवाज वाढत-घटत असेल, तर बहुधा तें चाकाचें बेअरिंग असतें, कारण वळतांना भार एका चाकावरून दुसऱ्यावर जातो. पाय दाबला असतां एक सूर आणि पाय उचलला असतां दुसरा सूर निघत असेल, तर संशय पिनियनच्या बेअरिंगावर जातो. पिनियन चाकाच्या एका फेऱ्यांत साधारणपणें चार फेरे घेतें. म्हणून त्याचा आवाज बारीक व चढा असतो, तर क्राऊनच्या दोन बाजूंच्या बेअरिंगांचा जाड व संथ. ज्या गाडीचीं पुढचीं चाकें आंसापासून मोकळीं करतां येतात, तेथें तीं मोकळीं करून पाहावींत. तेवढ्यानें आवाज थांबला, तर दोष आंसाच्या आंत आहे. नंतर गाडी घोड्यांवर चढवून, चाकें फिरवून, स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक हाउसिंगला व मूठ कानाला लावली, म्हणजे डॉक्टरच्या नळीचें काम होतें. शेवटचा साक्षीदार तेल. रुपेरी झांक असलेलें तेल झीज सांगतें. बोटाला टोंचणारा कण किंवा दांताचा तुकडा मिळाला, तर नुसतें बेअरिंग बदलून भागणार नाहीं. क्राऊन-पिनियनचे दांत धड असतील तर पहिल्या मिस्त्रीचें म्हणणें खरें, फुटले असतील तर दुसऱ्याचें. आणि हें उघडून पाहिल्याशिवाय दोघांनाहि ठरवितां येत नाहीं.

दुरुस्तीचें काम अवघड असण्यापेक्षां नाजूक अधिक आहे. गाडी सपाट जागीं, मागच्या चाकांना दगड लावून, भक्कम घोड्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. तेल काढावें, चाकांकडे जाणाऱ्या दांड्या बाहेर ओढाव्या. क्राऊनला धरून ठेवणाऱ्या दोन टोप्या उघडण्याआधीं त्यांवर डावी-उजवी अशी खूण केलीच पाहिजे, कारण त्या हाउसिंगला बसवूनच कारखान्यांत एकत्र तासलेल्या असतात, आणि अदलाबदल झाली तर नवीं बेअरिंगेंहि आवळलीं जाऊन जळतात. बेअरिंगाच्या मागें कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या असतात. त्यांना शिम म्हणतात. त्याहि डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे, निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. जुनें बेअरिंग पुलरनें काढतात. नवें बसवितांना वाटी आणि शंकू दोन्ही नवीं घ्यावींत. झिजलेल्या वाटींत नवा शंकू घालणें ही काटकसर चार महिने टिकत नाहीं. आंतलें कडें प्रेसनें, त्याच कड्यावर दाब देऊन चढवावें. तें तेलांत सुमारें १०० अंशांपर्यंत तापविलें, तर किंचित् फुगून सहज बसतें. हातोडीनें ठोकलेल्या बेअरिंगाच्या रुळांचे ठसे कड्यांवर पहिल्याच दिवशीं उमटतात.

मग येतें मोजमाप, आणि येथें डोळ्याचा अंदाज उपयोगाचा नाहीं. क्राऊन आणि पिनियन ह्यांच्या दांतांत थोडी मोकळीक लागते. पुष्कळ गाड्यांत ती ०·१५ ते ०·२० मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या दोन-तीन केंसांएवढी असते. ती डायल गेजनें पाहावी लागते व चकत्या इकडच्या तिकडे करून साधावी लागते. मोकळीक कमी राहिली तर तेलाला दांतांत जागा मिळत नाहीं. अधिक राहिली तर दांत एकमेकांवर आपटतात. पिनियनचें बेअरिंग मात्र सैल नको, किंचित् आवळलेलेंच हवें. त्यासाठीं पिनियनच्या टोंकाला दोरा गुंडाळून ताणकांट्यानें ओढतात आणि किती जोरानें तें फिरूं लागतें तें वाचतात. ही जुनी पद्धत महागड्या पान्याइतकीच भरंवशाची आहे. नट प्रमाणाबाहेर आवळून आंतली चेपणारी नळी एकदां जास्त दबली, तर नट मागें फिरवून उपयोग नसतो. नळी नवीच घालावी लागते. नंतर दांतांना रंग लावून चक्रें फिरवितात. रंगाचा ठसा दांताच्या मध्यावर उमटला तर जुळणी बरोबर. टोंकाला किंवा बुडाला गेला तर सर्व पुन्हां उघडावें लागतें. ह्या कामाला कधीं कधीं दिवसाचा अर्धा भाग जातो आणि मालक बाहेर बसून घड्याळ पाहत असतो. हाच टप्पा गाळण्याचा मोह सर्वांत अधिक असतो.

आणि गाळल्यास काय होतें? सैल पिनियन एखाद्या भाराखालीं दांत सोडतें, तुटलेला तुकडा चक्रांत अडकतो, आणि भर वेगांत पुढचीं चाकें जाम होतात. मागचा आंस जाम झाला तर गाडी घसरते. पुढचा झाला तर स्टिअरिंगच हातांत राहत नाहीं. पुणें-हैदराबाद महामार्गावर, मागून ट्रक येत असतांना, हा अनुभव कोणाच्याहि वांट्याला येऊं नये असाच आहे.

दुरुस्तीनंतर हवेची नळी साफ करून, नवें ऑइल सील घालून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें गिअर-तेल भोंकाच्या कडेपर्यंत भरावें. पहिले १५-२० किलोमीटर रिकामी गाडी बेतानें चालवून हाउसिंगला हात लावून पाहावा. कोंबट लागणें ठीक, हात टेकवत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलें गेलें आहे. मे महिन्यांत, सोलापुरांत पारा ४२ अंशांच्या पुढें गेलेला असतां, ही परीक्षा सकाळींच घ्यावी, नाहींतर रस्त्याची ऊब आणि आंसाची ऊब ह्यांतला फरक कळत नाहीं. ५०० किलोमीटरनंतर तेल एकदां बदलतात. त्या तेलांत थोडी करडी धूळ असणारच, ती नव्या पोलादाची. कण बोटाला लागला, तर मात्र झांकण पुन्हां उघडावें लागतें.